देवाची उजवी

मु. भैरवाची वाडी, पोस्ट पौड, पेटा मुळशी
ता. १७ नोव्हेंबर १९५८

ती. रत्नाआत्या यांस वाल्मीकचा शिरसाष्टांग नमस्कार.

इथं येऊन पाच महिने झाले आणि धड पत्र आज लिहितोय. तेव्हा आधी रागवून घ्या आणि मग पुढचं वाचा.

शाळा भैरवनाथाच्या देवळात भरते. गाभाऱ्यात देव, सभामंडपात पोरं आणि मधल्या खांबाला टेकवलेला माझा फळा. बहिरू गुरव पूजेची घंटा वाजवतो, तीच शाळेची घंटा. पोरं गावातली थोडी, डोंगरावरच्या वस्तीतली जास्त.

गेल्या महिन्यात डिपोटीसाहेब तपासणीला आले. पहिलीला म्हणाले, "उजवा हात वर करा." निम्म्या पोरांनी डावा केला, काहींनी शेजाऱ्याचा धरून वर केला आणि वस्तीवरच्या सोनीनं दोन्ही केले. साहेबांनी विचारलं, हे काय? ती म्हणाली, "त्यातला येक आसंलच की." साहेब हसले नाहीत. जाताना शेरा लिहून गेले, की देऊळ ही शाळा नव्हे. मार्चअखेर स्वतःची जागा मिळाली नाही तर शाळा बंद करून मुलं नदीपलीकडच्या शाळेत घालावीत. आत्या, नदीला पूल नाही. पावसाळ्यात गावातली पोरं घरी बसतील आणि वस्तीवरची एकदा बसली की पुन्हा यायची नाहीत.

जागा आहे. हैबतराव पाटलांचं जुनं खळं गावाच्या कडेला पडून आहे. पण गेल्या वर्षी त्यासाठी देवाला कौल लावला होता. इथं कौलाशिवाय कोणी कोंबडीही विकत घेत नाही. देवाच्या दोन्ही खांद्यांवर शेंदराच्या ओलीत फुलाची एकेक कळी चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात आणि बघत बसतात. उजवी कळी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. खळ्याच्या वेळी डावी पडली. विषय संपला.

निदान पोरांना डावं-उजवं तरी यावं. पुस्तकात म्हटलंय, उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहा. इथं सूर्य डोंगराआडून वर येईस्तोवर पोरांना दुपारची भूक लागलेली असते. तुम्ही जन्मभर पहिलीचा वर्ग शिकवलात. मी काय करू?

आपला,
वाल्मीक


जुन्नर
ता. २६ नोव्हेंबर १९५८

चि. वाल्मीक यास अनेक आशीर्वाद.

रागावले. आता ऐक.

तू पोरांकडे तोंड करून उभा राहिलास आणि आपला उजवा हात वर केलास ना? नाही म्हणू नकोस, तुला मी वाढवलंय. पोरांनी तुझ्या हातासमोरचा हात वर केला, तो निघाला डावा, आणि तू त्यांच्यावर ओरडलास. गाढवपणा तुझा आणि ओरडा त्यांना.

डावं-उजवं डोक्यात घालता येत नाही, ते पायांतून वर चढतं. अंगणात उतर. जेवायचा हात तो उजवा, एवढं एकदा सांग आणि गप्प बस. मग त्यांना चालव. उजवीकडे वळा, चाला, डावीकडे वळा, चाला, देवळाला फेरी घाला, उलटी घाला. ते जमलं की दोघांना समोरासमोर उभं कर आणि एकाला विचार, तुझ्या समोरच्याची उजवी कुठली? चुकेल. तू सांगू नकोस. म्हण, जा, त्याच्या शेजारी उभा राहा, त्याचं तोंड जिकडे तिकडे तुझं तोंड कर आणि मग हात वर कर. दुसऱ्याच्या जागी उभं राहायला शिकलं की पोर कुठेही हरवत नाही. माझ्या हाताखालून गेलेले कितीतरी मामलेदार आणि वकील झाले, त्यांना हे अजून जमत नाही, ती गोष्ट वेगळी.

जागेसाठी पाटलाच्या बायकोला धर. आणि तुझं जेवण कोण करतं ते लिहिलं नाहीस.

रत्नाआत्या


भैरवाची वाडी
ता. २२ डिसेंबर १९५८

ती. आत्या यांस सा. नमस्कार.

जेवण गोजराबाई देते, ती बहिरू गुरवाची बायको. निदान आजपर्यंत देत होती. का ते पुढे कळेल.

तुमची युक्ती अशी लागू पडली की आता आवरत नाही. पोरं दिसेल त्याच्या शेजारी जाऊन, त्याच्यासारखं तोंड करून उभी राहतात आणि हात वर करतात. म्हशीशेजारी राहतात, जात्यावर बसलेल्या आजीशेजारी राहतात. गेणबा न्हावी ओट्यावर एकाची दाढी करत होता, तर दाढी करून घेणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना दोन पोरं येऊन बसली. शेजारच्या कोळवणला एस.टी. थांबली की तिच्या पुढच्या चाकाशी रांग लागते. ड्रायव्हरनं मला बाजूला घेऊन विचारलं, "मास्तर, ही पोरं गाडीला सलामी देत्यात का शाप?"

मी फुशारलो होतो. आणि मग आज सकाळी सोनीनं हात वर करून विचारलं, "गुर्जी, आन देवाची उजवी कुटली?"

आत्या, मी सवयीनं म्हणालो, "जा, त्याच्या जागी उभी राहून बघ."

ती गेली. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी देवाकडे पाठ करून, देवासारखं आमच्याकडे तोंड करून उभी राहिली. उजवा हात वर केला आणि म्हणाली, "ही." तेवढ्यात बहिरू पूजेचं ताट घेऊन आला. तो म्हणाला, "न्हाई गं, उजवी ही हितली," आणि त्यानं देवासमोर उभं राहून आपल्या उजव्या हाताकडचा देवाचा खांदा दाखवला. सोनी म्हणाली, "ती तुमची उजवी. देवाची न्हवं." बहिरूनं देवाकडे पाहिलं, आपल्या हाताकडे पाहिलं, पुन्हा देवाकडे पाहिलं. ताट खाली ठेवलं आणि घरी गेला.

तीस वर्षं तो देवासमोर उभा राहून आपल्या हाताच्या उजवीला देवाची उजवी म्हणत आलाय. आजवरचे सगळे कौल उलटे! मी पोरांना सांगितलं, की घरी बोलू नका. म्हणजे संध्याकाळपर्यंत ते महाळुंग्यापर्यंत गेलं असणार.

मला भीती वाटते. पण खरं सांगू, माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं? खळ्याची ती डावी कळी म्हणजे देवाची उजवी होती. देव शाळेला हो म्हणाला होता!

वाल्मीक


जुन्नर
ता. २ जानेवारी १९५९

चि. वाल्मीक यास अनेक आशीर्वाद.

एका गुरवाचा पूजेत हात चुकला म्हणून तू इतकं रडगाणं लिहिलंस! अरे, पोरगी हुशार आहे. तिला शाबासकी दे. मला वाटतं, गोष्ट अगदी सोपी आहे. मोठ्या माणसांना कुणी नीट शिकवलेलंच नसतं, म्हणून ती घाबरतात. जे पोरांना करायला लावलंस तेच त्यांना करायला लाव. चार मंडळी जमव, अंगणात चालव, समोरासमोर उभी कर. एकदा कळलं की हसून घरी जातील.

गुरवाच्या बायकोला माझ्या नावानं थोडी खडीसाखर दे. पौडला मिळते.

रत्नाआत्या


भैरवाची वाडी
ता. २५ जानेवारी १९५९

ती. आत्या यांस सा. नमस्कार.

मंडळी जमवली. चालवली. समोरासमोर उभी केली. गावातला एक शेतकरी, कोंडाजी, समोरच्या हैबतरावांच्या जागी जायला निघाला, हैबतराव कोंडाजीच्या जागी जायला निघाले, आणि दोघं मध्ये एकमेकांवर आपटले. पण शेवटी कळलं. सगळ्यांना नीट कळलं. तुम्ही लिहिलंत की हसून घरी जातील. कुणी हसलं नाही, कुणी घरीही गेलं नाही. सगळे तिथंच बसून जुने कौल आठवायला लागले.

विहिरीचा कौल वरच्या शेताला डावा म्हणून खालच्या शेतात खणली होती आणि तिला खडक लागला. आता वरच्या शेतवाल्यांनी कुदळी काढल्यात. गेणबाला थोरल्या मुलाचं नाव ठेवायचं होतं बापाचं, पण कौलानं ठेवलं सासऱ्याचं. त्यानं मुलाला नव्या नावानं हाका मारायला सुरुवात केली आहे. मुलगा पंचविशीचा आहे, ओ देत नाही.

सगळ्यात वाईट कोंडाजीचं. त्याचं आणि तुळजाबाईचं लग्न कौलानं ठरलेलं. तो चावडीवर उभा राहून म्हणाला, "माजा कौल डावा व्हता. देवानं मला न्हाईच म्हनलं व्हतं." तुळजाबाई पाण्याला चालली होती. तिनं हंडा खाली ठेवला. म्हणाली, "आता डावी निगाली व्हय? मग येवडी बाळंतपनं मी उजवीच्या नावानं केली, ती कुटं ठिवू?" कोंडाजी त्या दिवसापासून देवळात झोपतो. म्हणजे शाळेत.

गावाचे दोन तट पडलेत. ज्यांना कौल फळले ते बहिरूच्या बाजूचे, ज्यांना नाही फळले ते सोनीच्या. मी सोनीच्या बाजूचा धरला जातो, कारण मला खळं हवंय हे कुणापासून लपलेलं नाही. हैबतराव मला रस्त्यात भेटले की दुसरीकडे बघतात. बहिरू पूजा करतो, पण कौल लावत नाही. गोजराबाई भाकरी देते, पण ताट माझ्यापुढे आपटते. खडीसाखर तिनं मुंग्यांना घातली.

मार्चअखेर दोन महिन्यांवर आलीय. लगेच उत्तर द्या.

वाल्मीक


जुन्नर
ता. ३ फेब्रुवारी १९५९

चि. वाल्मीक यास आशीर्वाद.

वाचून कपाळाला हात लावला. एवढी शहाणी माणसं एका फुलाच्या कळीपायी बायका सोडतात आणि पोरांची नावं बदलतात? मग मला कशाला विचारतोस? देवाला विचारा म्हणावं! लावा कौल, की बाबा रे, तुझी उजवी कुठली ते तूच सांग. आणि तो काय म्हणतो ते मला अवश्य कळव.

रत्नाआत्या


भैरवाची वाडी
ता. २० फेब्रुवारी १९५९

ती. आत्या यांस सा. नमस्कार.

तुम्हाला एक गोष्ट मी सांगायला हवी होती. तुमची पत्रं मला एकट्याला वाचता येत नाहीत. पोस्टमन पत्र चावडीवर देतो आणि मग सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचावं लागतं. डिसेंबरपासून गाव तुमच्या पत्रांची वाट बघतं. तुम्हाला इथं "जुन्नरच्या बाई" म्हणतात.

तुमचं मागचं पत्र वाचून झालं. मी म्हणणार होतो, की आत्या चिडून लिहितेय, तेवढ्यात हैबतराव मान हलवून म्हणाले, "बाई बराबर बोलल्या. ज्याची उजवी, त्यालाच इचारा." दोन्ही तटांना पटलं. गेल्या दोन महिन्यांत दोन्ही तटांना पटलेली ही एकच गोष्ट.

रविवारी कौल लावला. बहिरूला हाताला धरून आणला. गाऱ्हाणं असं घातलं: बहिरू आजवर जिला उजवी म्हणतो, तीच तुझी उजवी असेल तर हो म्हण, नसेल तर नाही म्हण.

बराच वेळ काही हललं नाही. मग बहिरूच्या उजव्या हाताकडची कळी पडली.

बहिरूची माणसं ओरडली, "उजवी पडली! देव हो म्हनला! बहिरू बराबर!" सोनीकडची माणसं ओरडली, "ती देवाची डावी! देव न्हाई म्हनला! बहिरू चुकला!" आणि दोन्ही तटांनी एकदम गुलाल उधळला, एकदम हलगी वाजवली आणि देवळाभोवती एकदम मिरवणूक काढली. एकानं उजवीकडून, दुसऱ्यानं डावीकडून. मागच्या भिंतीशी दोन्ही मिरवणुका समोरासमोर आल्या आणि कुणीच बाजू देईना, कारण उजवीकडून जायचं म्हटलं तर कुणाच्या?

मी खांबाला टेकून विचार करत होतो, की दुसरी कळी पडली असती तर काय झालं असतं? बहिरूची माणसं म्हणाली असती, डावी पडली, आपणच चुकलो. सोनीची म्हणाली असती, देवाची उजवी पडली, बहिरूच बरोबर. दोन्ही तट हरले असते आणि गाव कदाचित शांत झोपलं असतं. आत्या, देवाला निवड होती आणि त्यानं हे निवडलं.

मला आता हसू येत नाही. मार्च पुढच्या आठवड्यात लागतो.

वाल्मीक


जुन्नर
ता. १ मार्च १९५९

चि. वाल्मीक यास आशीर्वाद.

हे पत्र चावडीवर वाचू नकोस. म्हणजे वाचशीलच. तेव्हा सगळ्यांना रामराम.

मी हसत लिहिलं ते तुम्ही खरं धरलंत. यापुढे मी थट्टा करणार नाही, निदान टपालातून करणार नाही.

वाल्मीक, मला रात्रंदिवस एकच सुचतंय. तुझ्या पत्रांत म्हैस आहे, विहीर आहे, कोंडाजी आहे. ती सोनी कुठे आहे? ती शाळेत येते का? सगळं तिच्या एका हातावरून सुरू झालं. मोठी माणसं थकली की सगळं खापर लहानांवर फोडतात. तिला सांभाळ. शाळा गेली तरी चालेल, पण आपण खरं बोललो म्हणून गावाचं वाटोळं झालं असं तिला वाटता कामा नये.

रत्नाआत्या


भैरवाची वाडी
ता. २४ मार्च १९५९

ती. आत्या यांस सा. नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं, चावडीवरच. सोनीचा भाग आला तेव्हा कुणी कुणाकडे बघेना. खरं तर ती शाळेत येत नव्हती. तिच्या आईनं तिला वस्तीवर ठेवून घेतलं होतं. खाली गावात पोरीला बोल लावतात म्हणून.

पहिली बोलली तुळजाबाई. म्हणाली, "झालं ते झालं. जुनी उजवी व्हती ती जुन्या कामाला उजवीच ऱ्हाईल. मी काय आता माह्यारी जानार न्हाई. हितनं फुडं देवाच्या उजवीनं बगा. आन त्या लेकराला आदी खाली आना." कोंडाजीनं त्याच संध्याकाळी देवळातलं अंथरूण गुंडाळलं. गेणबाच्या मुलाला त्याचं जुनं नाव परत मिळालं, तो दोन्ही नावांना ओ देईनासा झालाय.

पण जुने कौल तसेच राहिले म्हणजे खळ्याचा नकारही राहिला. मी हैबतरावांकडे गेलो. ते म्हणाले, "नवा कौल लावा. देव हो म्हनला तर खळं तुमचं. मी पाटील हाय, माझा शब्द हाय."

कळी कुठल्या बाजूची हे सांगायचं कुणी? गावात आता सगळ्यांना येतं, पण कुणाचा कुणावर भरवसा नाही. ज्याला त्याला आपल्या सोयीची उजवी दिसते. म्हणून सोनीला बोलावलं. मी स्वतः वस्तीवर जाऊन तिला आणलं. वाटेत तिला सांगितलं, की देव हो म्हणाला तर शाळा इथंच राहील. ती म्हणाली, "मंग मी रोज यीन?" मी म्हणालो, "रोज."

काल सगळं गाव देवळात होतं. बहिरूनं कळ्या लावल्या. एक पडली. सोनी उंबऱ्याशी गेली, देवाकडे पाठ करून उभी राहिली. तिनं खाली पडलेल्या कळीकडे पाहिलं. मग आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि तिचे डोळे भरले.

आत्या, मी मनात म्हणालो, पोरी, खोटं बोल. एकदाच बोल.

तिनं हात वर केला. डावा.

"डावी," ती म्हणाली. "देव न्हाई म्हनला."

मला तिचा इतका अभिमान वाटला आणि इतकं वाईट वाटलं, की दोन्ही एकदम कसं वाटू शकतं ते मला अजून कळलेलं नाही. हैबतरावांनी फेटा सारखा केला. "देवाची मर्जी," म्हणाले आणि उठले. माणसं वहाणा शोधायला लागली.

तेव्हा बहिरू बोलला, "थांबा. देवळाच्या अंगाला माझं परडं हाय. तितं बांधा साळा."

हैबतराव थांबले. म्हणाले, "तू? तुजीच तर समदी वर्सं ह्या पोरीनं खोटी पाडली."

"व्हय. आन आज तिनं सोताची साळाबी पाडली. तरी खोटं बोलली न्हाई." बहिरूचा आवाज चढला. "ती माझ्या परड्यात शिकंल."

"बरं," हैबतराव म्हणाले, "मग लाव कौल."

बहिरूनं गाभाऱ्याचं दार ओढून घेतलं.

"देवाला इचारायचं न्हाई," तो म्हणाला. "जागा माजी हाय."

मी तिथंच रडलो, सगळ्यांसमोर. गोजराबाईनं नवऱ्याकडे असं पाहिलं, जणू जन्मात पहिल्यांदाच बघतेय. मग सगळे परड्यात गेलो. बहिरूनं सोनीला विचारलं, "दार कुन्या अंगाला काडायचं?" ती मधोमध जाऊन उभी राहिली आणि विचार करायला लागली. तिला काय दिसतंय ते बघायला बहिरू तिच्यामागे उभा राहिला. त्याच्यामागे तुळजाबाई, तिच्यामागे कोंडाजी, गेणबा, गोजराबाई, आणि शेवटी हैबतरावही आले. ती वळली की सगळं गाव वळायचं. असं बराच वेळ चाललं होतं.

दार पूर्वेला ठरलं. परवापासून दगड आणायला सुरुवात. जागा मिळाल्याचं डिपोटीसाहेबांना मी कळवलंय.

आपला,
वाल्मीक